हौसाक्काने बदललेलं घड्याळ

डोंगरांच्या रांगेत एक लहानसं संस्थान होतं. इतकं लहान, की राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहिलं की त्याच्या चारही शिवा दिसायच्या. त्याच्या अगदी टोकाच्या गावात हौसाक्का नावाची एक सुईण राहत होती.

गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्माला आली होती. तिच्या दाराला कडी होती, पण ती लावलेली कुणी कधी पाहिली नव्हती. कुणाच्या घरी बाई अडली की तिचा नवरा नाहीतर सासू सरळ आत येई, "आक्का, चल," म्हणे, आणि हौसाक्का चुलीवरचं भांडं उतरवून, पदर खोचून निघे. बाळंतपणाचं ती काही ठरवून घेत नसे. कुणी पायलीभर ज्वारी देई, कुणी खण-नारळ देई, कुणी नुसतंच पायांवर डोकं ठेवी. हौसाक्का सगळ्यांना एकच सांगे, "बाळ रडलं ना? मग मला पोचलं."

तिचा नवरा सिदोबा बांबूच्या टोपल्या विणायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

एकदा संस्थानच्या राणीसाहेब पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण डोंगरवाटेने मेणा फार हेलकावला आणि या गावाच्या आमराईशी येता येता त्यांना कळा सुरू झाल्या. पुढे जायची सोय नव्हती, मागे फिरायचीही नव्हती. आमराईत तंबू ठोकले आणि हौसाक्काला बोलावणं गेलं.

ती तंबूत शिरली तेव्हा दासी रडत होत्या. राणीसाहेब म्हणजे अगदी पोरसवदा मुलगी. घामाने भिजलेली, "आई, आई" अशा हाका मारणारी. हौसाक्का शेजारी बसली आणि म्हणाली, "राणीसाहेब, माझा हात धरा. चांगला घट्ट धरा. मोडला तरी फिकीर नाही, मला दुसरा आहे."

तेवढ्या वेदनेतही राणीसाहेबांना हसू आलं. मग त्यांनी तो हात सोडलाच नाही.

उन्हं कलायच्या सुमाराला मुलगा झाला. पण तो रडेना. अंग निळसर पडलेलं, हातपाय गळलेले. हौसाक्काने त्याचं तोंड बोटाने साफ केलं, पालथा धरून पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. पुन्हा पाठ चोळली. "रड रे माझ्या राजा," ती पुटपुटत होती, "सगळे तुझ्या रडण्याची वाट बघतायत." आणि बाळराजांनी असा टाहो फोडला की बाहेरचे घोडे खिंकाळले.

राणीसाहेब प्रवासाला धडधाकट होईपर्यंत हौसाक्का त्यांच्यापाशीच राहिली. निघायच्या दिवशी राणीसाहेबांनी आपल्या गळ्यातली साखळी काढली. साखळीला सोन्याचं घड्याळ होतं. निळ्या मिनाकामाचं झाकण, कडेने बारीक मोती, आणि झाकण उघडलं की आतून गोड सूर वाजायचे. ते समुद्रापलीकडून आलेलं होतं. राणीसाहेबांनी ते हौसाक्काच्या हातात ठेवलं.

"आक्का, तुम्ही लेकरांच्या वेळा सांभाळता. तुमच्यापाशी घड्याळ हवं."

हौसाक्काने ते कपाळाला लावलं. आजवर तिला पुष्कळांनी पुष्कळ दिलं होतं, पण तिच्या कामाचा एवढा मान कुणी ठेवला नव्हता.

गावातल्या मास्तरांकडून ती घड्याळ बघायला शिकली. तिला मोठा आनंद झाला. दोन कळांमध्ये किती वेळ गेला हे ती आजवर मनात ओव्या म्हणून मोजायची. आता ते काम घड्याळ करणार होतं.

पण तसं काही झालं नाही. बाळंतिणीच्या खोलीत गरम पाणी असायचं, वाफ असायची, तेलाचे हात असायचे. तिथे ते मोत्यांचं घड्याळ न्यायचं कसं? पहिल्याच खेपेला ती निघाली तशी सिदोबाने तिला अडवलं. "अगं, पाणी गेलं आत तर? राणीसाहेबांना काय तोंड दाखवणार?" तिलाही ते पटलं. घड्याळ कापसात गुंडाळून ट्रंकेत गेलं.

ट्रंकेला कुलूप आलं. मग ट्रंक उचलून नेली तर, म्हणून दाराला कुलूप आलं. सिदोबा टोपल्या घेऊन बाजाराला जाईनासा झाला. तो उंबऱ्यात बसून राही, आणि कुणी "आक्का" म्हणून हाक मारत आलं की आधी विचारी, "कोण? काय काम?" सुईणीच्या दारात काय काम असतं, हे आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं. माणसं ओशाळून जात.

ओढ्याच्या पलीकडे पठारावर धनगरवाडा होता. तिथली माणसं गरीब. त्यांच्यात बोलणं सुरू झालं, "आक्का आता राणीच्या हातचं सोनं घेते. आपण काय देणार तिला? लोकरीची घोंगडी?" आणि त्यांनी लाजेखातर बोलावणंच कमी केलं.

हौसाक्काच्या हे ध्यानात येत होतं. पण राणीसाहेबांची प्रेमाची वस्तू, ती नीट जपणं हेच आपलं कर्तव्य, असं ती मनाला सांगत राही.

एका सकाळी पठारावरचा बिरू धनगर धावत आला. त्याची बायको सुंदरा अडली होती. पहिलटकरीण. घरच्या बायकांनी पहाटेपासून प्रयत्न केले, पण आता त्यांचाही धीर सुटला होता.

"आक्का, लवकर चल. ती लई घाबरलीय."

नेमका त्या दिवशी सिदोबा भावाच्या घरी कार्याला गेला होता. हौसाक्का निघाली आणि दारातच थांबली. घरात कुणी नाही, ट्रंकेत घड्याळ. तिने ते काढून ज्वारीच्या कणगीत खुपसलं. मग वाटलं, उंदीर कुरतडतील. तिथून काढून चुलीमागे ठेवलं. मग वाटलं, शेक लागेल. बिरू अंगणात उभा राहून "आक्का, आक्का" करत होता. शेवटी तिने घड्याळ फडक्यात बांधून कमरेला खोचलं आणि ती निघाली.

वाटेत ओढा लागला. पाणी मांडीपर्यंत होतं. एरवी हौसाक्का लुगडं वर खोचून सरळ पाण्यात शिरायची. आज तिचा हात कमरेशी गेला. पाय घसरला तर?

"बिरू, आपण दगडी पुलावरून जाऊ."

"आक्का, त्याला लई मोठा वळसा पडतो!"

"पडू दे. चल."

दोघं वळशाने गेली. धनगरवाड्यावर पोचली तेव्हा मूल जन्मलेलं होतं. सुंदराच्या जावेने कसंबसं सोडवलं होतं. मूल ठीक होतं, पण सुंदराच्या अंगावरून रक्त खूप गेलं होतं आणि ती पांढरीफटक पडली होती. हौसाक्काने पदर खोचला आणि कामाला लागली. त्या दिवशी ती घरी गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सुंदरा वाचली. पण ती मरणाच्या दारातून परत आली होती, आणि वेळेवर पोचलो असतो तर तिला तिथवर जावंच लागलं नसतं, हे हौसाक्काला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सुंदराने डोळे नीट उघडले. तिने हौसाक्काचा हात ओढून आपल्या गालाशी धरला.

"आक्का, तू आलीस. एवढ्या लांबून आलीस. तुझं उपकार कसं फेडू?"

हौसाक्का तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. ते आभार तिला सोसवले नाहीत.

घरी आल्यावर तिने सिदोबाला सांगितलं, "मी हे घड्याळ पेठेतल्या घड्याळजीला देणार. त्याच्या बदली साधं घेणार."

सिदोबाने हातातली टोपली खाली ठेवली. "वेड लागलं का तुला? राणीसाहेबांची देणगी विकणार? लोक कृतघ्न म्हणतील!"

"राणीसाहेबांनी मला घड्याळ दिलं ते लेकरांच्या वेळा सांभाळायला. मी लेकरं सोडून घड्याळच सांभाळत बसले. मग कृतघ्न कधी झाले, आता का तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा सिदोबाही पागोटं बांधून बरोबर निघाला.

पेठेतला घड्याळजी म्हातारा आणि सरळ माणूस होता. त्याने झाकण उघडलं, सूर ऐकले आणि घड्याळ अलगद मखमलीवर ठेवलं. "बाई, असं घड्याळ या पेठेत पुन्हा येणार नाही. नीट विचार केलास ना?"

"केलाय, काका. मला असं घड्याळ द्या की ज्याच्यावर पाणी उडालं तर मला त्याची काळजी वाटणार नाही."

घड्याळजीने फळीवरून एक पांढऱ्या धातूचं घड्याळ काढलं. जाड काच, मोठे ठसठशीत आकडे, लांब सेकंदकाटा, आणि पदराला अडकवायला मागे एक आकडी. टिकटिक एवढी मोठी की दुकानाबाहेर ऐकू यावी. "दिसायला काही नाही," तो म्हणाला, "पण पडलं तरी चालतं. आणि वरचे पैसे मी तुला बाजारभावाने देईन, एक पै कमी करणार नाही."

"वरच्या पैशांत ओढ्यावर साकव होईल का?" हौसाक्काने विचारलं. माणूस चालून जाईल एवढा छोटा लाकडी पूल, त्याला तिकडे साकव म्हणत.

घड्याळजीने बोटांवर हिशेब केला. "चांगला भक्कम होईल," तो म्हणाला. "सुतार मी गाठून देतो."

पावसाळ्याच्या आधी साकव उभा राहिला. सागाच्या तुळया पैशाने आल्या, पण दगड धनगरांनी वाहिले आणि गावकऱ्यांनी रचले. दोन्ही बाजूंचे बांबूचे कठडे सिदोबाने स्वतः विणले. काम करता करता त्याचा राग कधी उतरला ते त्यालाही कळलं नाही. घरी आल्यावर त्याने दाराचं कुलूप काढलं आणि ते काय करायचं हे न सुचून शेजाऱ्याला देऊन टाकलं.

त्या पावसात ओढा वेड्यासारखा भरून वाहिला. हौसाक्का पदराला घड्याळ अडकवून साकवावरून जा-ये करत राहिली. कळा मोजताना आता ओव्या लागत नव्हत्या. तेलाचे डाग पडले, पाणी उडालं, एकदा तर एका द्वाड पोराने ते अंगणात आपटलं. घड्याळ चालत राहिलं.

असं वर्ष उलटलं आणि राजवाड्यातून निरोप आला. बाळराजांचं जावळ याच गावच्या देवीपुढे करायचं होतं. राणीसाहेब स्वतः येणार होत्या, आणि त्यांनी हौसाक्काला मुद्दाम भेटायला बोलावलं होतं.

राणीसाहेब घड्याळाचं विचारणार, हे सिदोबाने ओळखलं. तो तसाच पेठेत गेला आणि संध्याकाळी एक पुरचुंडी घेऊन परतला. ती उघडली तर आत तेच निळ्या झाकणाचं घड्याळ!

"घड्याळजीकडे अजून तसंच होतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एवढ्या मोलाचं कोण घेणार? मी पाया पडलो त्याच्या. एका दिवसापुरतं दिलंय. उद्या गळ्यात घाल, राणीसाहेब बघतील, खूश होऊन जातील. परवा परत देऊन येतो. कुणाचं काय जातंय?"

हौसाक्काने घड्याळ हातात घेतलं. झाकण उघडलं. ते सूर वर्षाने कानावर पडले आणि तिला आमराईतला तो दिवस आठवला. तिलाही भीती वाटत होती. राजघराण्याचा मान तो. राणीसाहेबांना राग आला तर घरदार सोडून जायची पाळी यायची.

"अहो," ती म्हणाली, "त्या पोरीने माझा हात धरला होता. मनापासून दिलंय तिने मला. तिलाच फसवू? राग आला तर येऊ दे. खरं ऐकून आलेला राग मला चालेल. खोटं बघून केलेलं कौतुक मला नको." आणि तिने घड्याळ पुन्हा फडक्यात बांधून सिदोबाच्या हातात दिलं. "उद्या उजाडल्याबरोबर परत देऊन या."

जावळ झालं. देवीपुढे पेढे वाटले. राणीसाहेबांनी हौसाक्काला जवळ बसवलं, बाळराजांना तिच्या मांडीवर दिलं, आणि मग त्यांची नजर तिच्या पदराशी गेली.

"आक्का, हे कोणतं घड्याळ? मी दिलेलं कुठे आहे?"

हौसाक्काने काही न लपवता सगळं सांगितलं. कुलूप सांगितलं, वळसा सांगितला, सुंदराचे आभार सांगितले आणि घड्याळजीचं दुकानही सांगितलं.

राणीसाहेबांचा चेहरा उतरला. "ते माझ्या आईचं घड्याळ होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आई गेल्यावर माझ्यापाशी तिचं तेवढंच होतं. त्या दिवशी मी आईला हाका मारत होते आणि तुम्ही आलात. म्हणून ते तुम्हाला दिलं."

हौसाक्काने हात जोडले. "राणीसाहेब, मला हे ठाऊक असतं तर मी ते तुमच्या पायाशी परत आणून ठेवलं असतं. विकलं नसतं. चुकले मी."

राणीसाहेब उठल्या. "तो साकव मला दाखवा."

सगळे ओढ्यावर गेले. साकव अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असा. पलीकडून एक धनगरीण येत होती. डोक्यावर लोकरीचं गाठोडं, पाठीला झोळीत तान्हं मूल. शिपाई तिच्यावर ओरडणार, तोच राणीसाहेबांनी त्याला हाताने थांबवलं. "येऊ द्या तिला आधी."

ती बाई साकवावर पाऊल टाकण्याआधी वाकली, लाकडाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग चालू लागली. अलीकडे आल्यावर राणीसाहेबांनी तिला विचारलं, "बाई, साकवाच्या पाया का पडलीस?"

तिने राणीसाहेबांना कधी पाहिलेलं नव्हतं. कुणी मोठ्या घरची बाई असेल असं समजून ती म्हणाली, "राणीसाहेबांचा साकव हाय हा, बाईसाहेब. आम्ही समदीच पाया पडतो."

"राणीसाहेबांनी बांधला?"

"तर! ह्या आक्कानंच सांगितलंय आम्हांला. राणीसाहेबांनी गळ्यातलं घड्याळ काढून दिलं, त्याचाच हा साकव. ही पाठीवरची पोर गेल्या पावसात झाली. वढा असा भरलेला..." तिने हाताने दाखवलं आणि ती जराशी थांबली. "आक्का आली म्हणून आम्ही दोघी हाओत. राणीसाहेब काय आमच्या दृष्टीस पडायच्या नाहीत. पण त्यांच्या आईबापांचं भलं होऊ दे, असं रोज म्हणती मी."

राणीसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या बाईच्या झोळीतलं मूल दोन्ही हातांनी उचलून घेतलं आणि छातीशी धरलं. बराच वेळ त्यांनी ते परत दिलं नाही.

"आक्का," त्या म्हणाल्या, "आई गेल्यापासून तिचं नाव घेणारी मी एकटीच आहे असं मला वाटायचं. इथे तर रोज तिचं भलं चिंतणारी माणसं आहेत. हे तुम्ही केलंत. मी तुमच्यावर रागवू कशी?" मग डोळे पुसून त्या हसल्या. "पण ते घड्याळ मी घड्याळजीकडून सोडवून घेणार. माझ्यासाठी. चालेल ना?"

"घ्याच, राणीसाहेब! आजच घ्या!" हौसाक्का म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखी ती तिथेच काठावर मटकन बसली. सिदोबाने तिला ओंजळीने पाणी पाजलं.

पुढल्या वर्षी बाळराजांच्या वाढदिवसाला राजवाड्यात मेजवानी झाली नाही. त्या खर्चातून शेजारच्या खोऱ्यात दुसरा साकव बांधला गेला. त्याच्यावर पहिलं पाऊल टाकायचा मान त्या खोऱ्यातल्या सुईणीला मिळाला.

तात्पर्य, मुलांनो, असं: देणाऱ्याची आठवण कुलपात जपली तर ती आपल्या एकट्यापाशीच राहते, ती चार जणांच्या कामी आली तर देणाऱ्याला चार तोंडांनी दुवा मिळतो.